जुन्या अंकीय दोलनदर्शकांची घरगुती दुरुस्ती आणि क्षमतावृद्धी

प्रयोगशाळेच्या नोंदवहीतून निर्लेखित झालेले उपकरण म्हणजे निकामी उपकरण, असा समज सर्वत्र रूढ आहे. अंकीय दोलनदर्शकाच्या, म्हणजेच डिजिटल ऑसिलोस्कोपच्या, बाबतीत हा समज सर्वांशी खरा नाही. १९८० ते २००० या काळात तयार झालेल्या अशा यंत्रांपैकी बरीचशी यंत्रे त्यांच्या मुख्य रचनेतील दोषामुळे बंद पडत नाहीत. काही धारित्रे, एखादा विद्युत् घट किंवा एखादा पंखा अशा अल्पमोली भागांच्या जरेमुळे ती बंद पडतात. हे भाग कोणते, ते का बिघडतात आणि ते बदलताना यंत्राच्या विश्वसनीयतेस धक्का कसा लागू देऊ नये, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नास स्थानिक महत्त्वही आहे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे काचीगुडा-मनमाड लोहमार्गावरील जंक्शन असून अकोल्याकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. मुंबईचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे पूर्वीचा लॅमिंग्टन रोड, आणि हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली या सुट्या भागांच्या दोन्ही बाजारपेठा या स्थानकाशी रेल्वेने जोडलेल्या आहेत. अशा गावी राहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास नवे यंत्र विकत घेणे कठीण असते. परंतु जुने यंत्र मिळवून ते घरीच सुधारणे त्याच्या आवाक्यात येऊ शकते. मात्र ज्या मापनावर त्याचा प्रबंध उभा राहावयाचा, ते मापन खरे आहे की नाही, हा प्रश्न अशा वेळी कळीचा ठरतो.

यंत्राची मूळ घडण

ऋण किरण नलिकेच्या जुन्या दोलनदर्शकात विद्युत् संकेत विवर्धित होऊन थेट इलेक्ट्रॉन-शलाकेस विचलित करतो. अंकीय यंत्रात तसे होत नाही. संकेत प्रथम क्षीणक व विवर्धक यांमधून जातो, ठराविक कालांतराने त्याचे नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुन्याचे अंकात रूपांतर होते, ते अंक स्मृतीत साठविले जातात आणि नंतर सूक्ष्मप्रक्रियक त्यांवरून पडद्यावर आकृती रेखाटतो. बहुतेक जुन्या यंत्रांतील परिवर्तक आठ द्विमान अंकांचा असल्याने संकेताच्या संपूर्ण उंचीचे केवळ २५६ स्तर पडतात. यावरूनच हे यंत्र अतिसूक्ष्म दाबमापनासाठी नसून संकेताचे कालानुसारी रूप पाहण्यासाठी आहे, हे ध्यानात यावे.

येथे दोन मर्यादांमधील भेद स्पष्ट असणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा विवर्धकाच्या पट्टरुंदीची व दुसरी नमुने घेण्याच्या वेगाची. ह्यूलेट-पॅकार्डचे ५४६०० हे १९९०-२००० या दशकातील यंत्र १०० मेगाहर्ट्झ पट्टरुंदीचे म्हणून ओळखले जाते. परंतु ते सेकंदास दोन कोटी नमुने घेते. संकेत पुनःपुन्हा घडणारा असेल तर अनेक आवर्तनांतून थोडेथोडे नमुने गोळा करून यंत्र पूर्ण आकृती उभी करते. एकदाच घडणाऱ्या घटनेसाठी मात्र त्याची उपयुक्त मर्यादा सुमारे २ मेगाहर्ट्झ इतकीच राहते. टेक्ट्रॉनिक्सच्या २४३० या यंत्राचेही तसेच आहे. त्याची पट्टरुंदी १५० मेगाहर्ट्झ, नमुन्यांचा वेग सेकंदास दहा कोटी आणि नोंद १०२४ बिंदूंची. म्हणजे पूर्ण वेगाने चालताना त्याची नोंद केवळ १०.२४ मायक्रोसेकंदांत भरून जाते.

हा भेद दुर्लक्षिला तर दुरुस्त यंत्रही फसविते. सेकंदास दोन कोटी नमुने घेणाऱ्या यंत्रास १९ मेगाहर्ट्झचा ज्यावक्रीय संकेत दिला आणि तो एकाच झडपेत नोंदविला, तर पडद्यावर १ मेगाहर्ट्झचा स्वच्छ वक्र दिसेल. त्यात यंत्राचा बिघाड नाही. नमुनीकरणाच्या नियमाचाच तो परिणाम होय.

जरेची कारणे

जुन्या अंकीय यंत्रांचा पहिला शत्रू म्हणजे ॲल्युमिनियमची विद्युत् विच्छेद्य धारित्रे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मंडलाच्या पृष्ठभागावर बसविण्याजोगी लहान धारित्रे प्रचारात आली. त्यांपैकी अनेकांतील द्रव कालांतराने रबरी बुचाच्या कडेने पाझरतो. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस ५००, ६०० व ७०० या मालिकांतील प्रारंभीच्या यंत्रांत हा दोष सर्वपरिचित आहे. पाझरलेला द्रव विद्युत् वाहक व क्षारक असल्याने दोन प्रकारे हानी करतो. जवळच्या वाहिन्यांमध्ये नको ती गळती निर्माण होते आणि तांब्याच्या सूक्ष्म रेषा कुरतडल्या जातात. डाखावरील चकाकी जाऊन तो राखी दिसू लागणे व तापविल्यावर माशासारखा उग्र वास येणे, ही त्याची लक्षणे होत.

तपमानाचा परिणाम येथे निर्णायक असतो. अशा धारित्राचे आयुष्य प्रत्येक १० अंश सेल्सियस वाढीमागे सुमारे निम्मे होते, हा अभियांत्रिकीतील स्थूल नियम आहे. परभणी जिल्ह्यात उन्हाळी तपमान ४० अंशांच्या वर जाते. पंख्यावर धूळ बसून वारा मंदावला की यंत्राच्या पोटातील तपमान त्याहूनही बरेच चढते. म्हणून पंखा स्वच्छ करणे किंवा बदलणे ही दुरुस्तीची पहिली पायरी समजावी.

दुसरे कारण वीजपुरवठ्याच्या प्रवेशद्वारी बसविलेले धातुलेपित कागदाचे धारित्र. त्याच्या कवचास वर्षानुवर्षांनी भेगा पडतात, पावसाळी दमट हवा आत शिरते आणि दीर्घकाळ बंद असलेले यंत्र सुरू करताच ते धूर ओकते. जुने यंत्र घरी आणल्यावर ते तत्काळ चालू करून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे, तो याच कारणाने. आधी कवच उघडून हे धारित्र बदलावे.

कामाचा क्रम

प्रथम जीविताची काळजी. २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती पुरवठा एकदिश केला असता मुख्य धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट दाब साठतो व प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. ज्या यंत्रांत काचेची नलिका आहे, तेथे तिच्या धनाग्रावर हजारो व्होल्टचा दाब असतो. योग्य रोधकातून हा भार निचरून, मापकाने खात्री करूनच आत हात घालावा. यंत्राच्या प्लगाची भूजोडणीची पिन तोडून मापन करण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती सर्वथा त्याज्य होय, कारण त्यामुळे यंत्राचे संपूर्ण धातूचे कवच जिवंत होऊ शकते.

पुरवठा प्रथमच देताना साधा तंतूचा दिवा एकसरीत जोडावा. दिवा क्षणभर प्रकाशून मंदावला तर बहुधा शॉर्ट नाही. तो पूर्ण तेजाने पेटत राहिला तर पुरवठा तोडून दोष शोधावा. त्यानंतर पुरवठा मंडलातील प्रत्येक दाब सेवापुस्तिकेशी ताडून पाहावा. दाब बरोबर असल्याखेरीज पुढील मंडलांत दोष शोधणे व्यर्थ होय.

पाझरलेली धारित्रे काढताना ती पिळून उपटू नयेत. त्याने तांब्याचा पट्टा उखडतो. दोन्ही टोकांचा डाख एकाच वेळी वितळवून ती उचलावीत. मग सौम्य साबणाचे पाणी, ऊर्ध्वपातित पाणी व शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने जागा धुऊन पूर्ण वाळवावी. मात्र क्षीणक व रिले यांना पाणी लागू देऊ नये. नवे धारित्र टँटलमचे बसविल्यास त्याचा निर्धारित दाब प्रत्यक्ष दाबाच्या किमान दुप्पट असावा. शेवटी कुरतडलेल्या प्रत्येक रेषेची अखंडता मापकाने तपासावी. कित्येक यंत्रे नवी धारित्रे बसवूनही सुरू होत नाहीत, त्याचे कारण अशा एखाद्या तुटलेल्या रेषेतच सापडते.

स्मृतीचा प्रश्न

सर्वांत नाजूक भाग अंशशोधनाच्या अंकांचा. विवर्धकांतील लहानमोठे फरक भरून काढणारे हे अंक कारखान्यात प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्रपणे काढलेले असतात. २४३० सारख्या यंत्रांत ते लिथियम घटावर जगणाऱ्या स्मृतीत असतात, तर अन्य काही यंत्रांत घट व स्मृति एकाच सीलबंद तुकड्यात असतात. अशा तुकड्यांसाठी निर्मात्यांनी पुरवठ्याविना दहा वर्षे टिकण्याची हमी दिलेली असे. आज ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. घट संपला की अंक पुसले जातात. मग यंत्र सुरू होईल, पण त्याचे मापन खरे राहणार नाही.

म्हणून अन्य कोणत्याही कामापूर्वी, स्मृति शाबूत असेपर्यंत, तिची प्रत काढावी. सीलबंद तुकडा काढून तो स्मृति-वाचक उपकरणात वाचता येतो. प्रत दोनदा काढून दोन्ही एकरूप आहेत याची खात्री करावी आणि ती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. सुटा घट बदलावयाचा असल्यास यंत्राचा प्लग काढून, डायोडमधून दुसरा घट समांतर जोडावा व मगच जुना घट अलग करावा. डायोडामुळे एका घटातून दुसऱ्यात प्रवाह शिरत नाही. लिथियमचा प्राथमिक घट पुनर्भारित होणे धोक्याचे असते.

क्षमतावृद्धी आणि तिची कसोटी

क्षमतावृद्धीचे काही प्रकार निरुपद्रवी आहेत. टीडीएस मालिकेतील अनेक यंत्रांच्या पाठीमागे संगणकाच्या पडद्यास जोडण्याचे द्वार असल्याने मूळ पडदा अंधुक झाल्यास सपाट पडदा वापरता येतो. फ्लॉपी चालकाच्या जागी यूएसबी स्मृति स्वीकारणारा पर्यायी चालकही बसतो. या सुधारणांनी मापनात फरक पडत नाही.

पट्टरुंदी वाढविण्याची गोष्ट वेगळी. एकाच मंडलावर दोन प्रतिमाने तयार करून त्यांतील कमी किमतीच्या प्रतिमानास कृत्रिम मर्यादा घालण्याची पद्धत निर्मात्यांत आढळते. रिगॉलचे ५० मेगाहर्ट्झचे डीएस १०५२ई हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याचे अंतर्गत मंडल १०० मेगाहर्ट्झच्या भावंडासारखेच असल्याचे २०१० च्या सुमारास अभ्यासकांच्या ध्यानात आले. परंतु आज्ञावली बदलून पडद्यावर उमटणारे प्रतिमानाचे नाव हा पुरावा नव्हे. पुरावा मापनातूनच मिळाला पाहिजे.

ही कसोटी घरी घेता येते. साधारण यंत्रात उत्थानकाल हा ०.३५ भागिले पट्टरुंदी इतका असतो. ५० मेगाहर्ट्झसाठी तो ७ नॅनोसेकंद व १०० मेगाहर्ट्झसाठी ३.५ नॅनोसेकंद येतो. सुमारे १ नॅनोसेकंदात चढणारी स्पंदे ७४एसी१४ या स्वस्त संकलित मंडलापासून मिळविता येतात. दिसणाऱ्या उत्थानकालाचा वर्ग हा स्पंदाच्या व यंत्राच्या उत्थानकालांच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. म्हणून यंत्र खरोखर १०० मेगाहर्ट्झचे असेल तर पडद्यावर सुमारे ३.६४ नॅनोसेकंद दिसावेत. स्पंदाच्या माथ्यावर अनावश्यक उसळी दिसली, तर वाढलेली पट्टरुंदी समतोल नाही असे समजावे.

उभ्या अक्षाच्या तपासणीस दशसहस्रांशाचे प्रमाण लागत नाही. ज्या यंत्राची अचूकता शेकडा दोन इतकी आहे, त्यास शेकडा एकदशांश अचूकतेचा संदर्भदाब पुरेसा होतो. कालाक्षासाठी जीपीएस ग्राहकाची सेकंदागणिक येणारी स्पंदे उत्तम प्रमाण ठरतात. या तपासण्यांचे आकडे दिनांकासह यंत्रासोबतच्या वहीत नोंदवावेत. विद्यापीठीय संशोधनात असे यंत्र वापरावयाचे झाल्यास प्रबंधात याच नोंदीचा आधार द्यावा लागेल.

जे यंत्र या कसोट्यांस उतरत नाही, ते इतर यंत्रांच्या सुट्या भागांसाठी राखावे. उरलेला भाग ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये नोंदणीकृत पुनश्चक्रणकर्त्याकडे द्यावा. बंद पडलेले यंत्र संशोधकाचा वेळ घेते, परंतु चुकीचे मापन दाखविणारे यंत्र त्याचा निष्कर्षच बिघडविते. म्हणून घरगुती दुरुस्तीचे यश पडदा उजळण्यावरून न ठरविता, उजळलेल्या पडद्यावरील आकड्यास स्वतंत्र प्रमाणाने दिलेल्या दुजोऱ्यावरून ठरविणे युक्त होय.