तापानंतरची डोकेदुखी अंगावर काढू नका

ताईंनो, डोकं दुखलं की आपण बाम चोळतो आणि कामाला लागतो. पण एक डोकेदुखी वेगळी असते. मेंदूतलं रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमध्ये कधी कधी गुठळी होते. रक्त तुंबतं आणि डोक्यात दाब वाढतो.

हा आजार क्वचित होतो, पण बायकांना जास्त. कोरोनासारख्या विषाणूच्या आजारात रक्त लवकर गोठू शकतं. त्यात ताप-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की धोका वाढतो. गरोदरपणात, बाळंतपणानंतरचे ६ आठवडे आणि पाळणा लांबवायच्या काही गोळ्या सुरू असताना जास्त जपायला हवं. म्हणून बाळंतिणीचं पाणी तोडू नका.

डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय, आडवं झालं की जास्त होतेय, उलट्या होतात, अंधुक दिसतं, फिट आली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर 'बाहेरचं असेल' म्हणून अंगारा लावत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. डॉक्टरांना ताप, बाळंतपण, गोळ्या सगळं सांगा. रक्ताची गुठळी वाढू न देणारं औषध वेळेत मिळालं, तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

येत्या बैठकीत हे वाचून दाखवा. ज्यांच्या घरी बाळंतीण आहे, त्यांना तर आजच सांगा.