कसब आणि कॉलेज : दोन्ही एकाच शाळेत

भातकापणी उरकली की जव्हार-मोखाड्यातली अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. त्यामुळे आश्रमशाळेतल्या मुलांना कसब शिकवावे की कॉलेजसाठी तयार करावे, असा प्रश्न पुढे येतो. पण ही निवड करायचीच कशाला? डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आकाराला आलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस शेती, वेल्डिंग, वीजजोडणी शिकतात आणि दहावीची परीक्षाही देतात. आदिवासी मुले अशाने मजुरीतच अडकतील, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो खरा ठरतो काही मुलांना वेगळे काढून फक्त कामाला जुंपल्यावर. सगळ्यांना दोन्ही शिकवले आणि गणित-विज्ञानाचे तास शाबूत ठेवले, तर पुढची वाट मुलेच ठरवतील.