चित्रकाराचा दुसरा हात

तैलचित्र रंगविणाऱ्या चित्रकाराकडे पाहताना आपली दृष्टी बहुधा त्याच्या कुंचल्यावर खिळते. त्याचा दुसरा हातही तितकाच कामात गुंतलेला असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. त्या हातात रंगपाटी असते, पुसण्याचे फडके असते, जादा कुंचलेही असतात. संगणकावर चित्र काढू लागताच हा दुसरा हात एकाएकी रिकामा होतो. रेघ ओढणे, यादी उघडणे, रंग निवडणे, कुंचला बदलणे ही सारी कामे लेखणी धरलेल्या एकाच हातावर येऊन पडतात. रिकाम्या हाताला पुन्हा कामास लावण्याचा उपाय म्हणजे कळफलकावरील शॉर्टकट, म्हणजेच एखादी आज्ञा यादीतून न शोधता कळ दाबून देण्याची सोय होय.

ही सोय मागाहून सुचलेली नाही. इव्हान सदरलंड यांनी 1963 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत ‘स्केचपॅड’ ही रेखाटनाची संगणकीय योजना सादर केली. तिच्यात एका हातातील प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ काढावयाची आणि दुसऱ्या हाताने बटणे दाबून ‘रेघ’, ‘वर्तुळ’, ‘हलवा’ अशा आज्ञा द्यावयाच्या, अशी विभागणी होती. 1968 साली डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखविलेल्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकातही एका हातात माउस आणि दुसऱ्या हाताखाली पाच कळांचा लहानसा संच होता. दोन हातांनी काम करण्याची मनुष्याची सवय या संशोधकांनी प्रारंभापासूनच जमेस धरली होती.

यादीत शोधण्याची किंमत

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली हाताच्या हालचालींसंबंधी एक नियम मांडला. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे पोचण्यास वेळ अधिक लागतो, असा त्याचा आशय आहे. पडद्याच्या कडेला असलेली बारीक चित्रखूण दूरही असते आणि लहानही असते. समजा, तेथे जाऊन परत येण्यास दोन सेकंद लागतात आणि दिवसभरात अशा पाचशे खेपा होतात. तर एक हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे, केवळ येरझारांत गेली.

परंतु वेळेपेक्षाही मोठी हानी निराळीच आहे. प्रत्येक खेपेस चित्रकाराची दृष्टी चित्रावरून उठते. छायेची जी छटा मनात धरली होती ती निसटते आणि रेघेची लय मोडते. कळ दाबणारे बोट मात्र न पाहताही आपले स्थान ओळखते, त्यामुळे दृष्टी चित्रावरच राहते.

थोड्या कळा, पुष्कळ काम

‘क्रिता’ या आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू. ही आज्ञावली विनामूल्य असून तिची घडण सर्वांस खुली आहे. त्यामुळे शाळांना ती सहज वापरता येते. तिच्यात ‘बी’ या कळेने कुंचला हाती येतो. ‘ई’ने तोच कुंचला खोडण्याचे काम करू लागतो आणि पुन्हा ‘ई’ दाबताच रंगवू लागतो. चौकोनी कंसाच्या दोन कळांनी कुंचला लहानमोठा होतो. ‘कंट्रोल’ धरून चित्रावर लेखणी टेकविली की तेथील रंग उचलला जातो. स्पेसची लांब कळ धरून लेखणी ओढली की सारा कागद सरकतो; 4 व 6 या अंकांनी तो फिरतो आणि 5ने सरळ होतो. ‘एम’ दाबले की चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे दिसते. आपले चित्र आरशात पाहून त्यातील दोष शोधावेत, असा सल्ला लिओनार्दो दा विंची यांनी चित्रकारांना दिला होता. त्यासाठी आता एक कळ पुरते.

आज्ञावलीतील शेकडो आज्ञांची यादी पाठ करण्याचा खटाटोप नवशिक्याने करू नये. वर सांगितलेल्या कळा आणि चूक मागे घेणारी ‘कंट्रोल’ व ‘झेड’ ही जोडी, एवढ्यावर दीर्घकाळ काम भागते.

हाताची स्मृती

पाठांतर येथे फारसे उपयोगी पडत नाही, यास शास्त्रीय कारण आहे. 1953 साली मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाची नव्या गोष्टी स्मरणात ठेवण्याची शक्ती नष्ट झाली. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ स्त्रीने त्याला केवळ आरशात पाहत ताऱ्याची आकृती गिरविण्यास सांगितले. तीन दिवसांच्या सरावात त्याचा हात उत्तरोत्तर सफाईने चालू लागला; पण आपण पूर्वी हे काम केले आहे याची त्याला आठवणही नव्हती. मिल्नर यांनी 1962 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाताचे कौशल्य आणि घटनांची आठवण या मेंदूच्या निरनिराळ्या शक्ती आहेत, असे त्यातून दिसून आले.

कळांचा अभ्यासही हाताचाच आहे. एका आठवड्यात दोनतीन कळा घ्याव्यात आणि त्या कामांसाठी यादीकडे जाणे कटाक्षाने टाळावे. पहिले काही दिवस काम मंदावते. पुढे ‘खोडावे’ असे मनात येताच बोट आपोआप ‘ई’वर जाते आणि कळेचे नाव विचारले तर सांगताही येत नाही.

कळ हाताप्रमाणे असावी

कळांची मूळ मांडणी कोणा एका हातासाठी केलेली नसते. उजव्या हाती लेखणी धरणाऱ्याचा डावा हात कळफलकाच्या डाव्या अंगास असतो; कुंचल्याचा आकार बदलणारे चौकोनी कंस मात्र उजव्या टोकास आहेत. डावखुऱ्याला ते सोयीचे पडतात. पण ‘ई’ आणि ‘बी’ गाठताना त्याच्या दोन्ही हातांची गुंतवळ होते. दर दहा माणसांत सुमारे एक डावखुरा असतो, म्हणजे प्रत्येक मोठ्या वर्गात अशी काही मुले असणारच. ‘मला हे जमत नाही’ असे त्यांतील एखाद्याने म्हटले, तर दोष त्याच्या हातात नसून कळांच्या मांडणीत असू शकतो.

मांडणी बदलणे कठीण नाही. क्रिताच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्सचा विभाग असतो. तेथे आज्ञा शोधावी आणि तिला हवी ती कळ द्यावी. कळ धरून लेखणी ओढण्याच्या क्रियांसाठी, जसे कागद सरकविणे, वेगळा विभाग आहे. एकच कळ दोन आज्ञांना मिळू नये याकडे लक्ष द्यावे. उदाहरणार्थ, आकार बदलण्यासाठी ‘डब्ल्यू’ ही कळ घ्यावयाची, तर ती मुळात ज्या क्वचित लागणाऱ्या आज्ञेकडे आहे तिच्याकडून काढून घ्यावी लागते. फोटोशॉपची सवय असलेल्यांसाठी त्या धर्तीची मांडणीही तयार मिळते.

बदल करताना आपल्या कामाचे निरीक्षण करावे. तासाभरात यादीकडे कितीदा आणि कशासाठी जावे लागले, याची टिपणे ठेवावीत. जे काम वारंवार येते त्यास बोटाच्या अगदी जवळची कळ द्यावी. तीन कळा एकदम दाबण्याने बोटे ताणली जात असतील, तर त्या आज्ञेस एकच कळ योजावी.

मराठी लिहिणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. 1991 साली प्रमाणित झालेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत ‘बी’च्या कळेवर ‘व’ आणि ‘ई’च्या कळेवर काना येतो. कळफलक देवनागरीवर राहिल्यास एकेरी कळांच्या आज्ञा कित्येकदा लागू पडत नाहीत. कळ चालेनाशी झाली, तर प्रथम भाषा तपासावी.

शाळेत किंवा ग्रंथालयात एकच संगणक अनेकांच्या हाती असतो. तेथे एकाने केलेला बदल दुसऱ्यास अडचणीचा होतो. यास्तव आपली मांडणी स्वतंत्र नावाने जतन करावी आणि उठताना मूळ मांडणी परत लावावी. शिक्षकांनी डावखुऱ्या विद्यार्थ्यांसाठी अशी एक मांडणी आधीच करून ठेवली, तर त्या मुलांनाही पहिल्याच तासाला इतरांबरोबर चित्र काढण्यास बसता येईल.