अनेक डोळे आणि एक विवेक

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हा तेथील कॅमेऱ्यांनी हल्लेखोरांची दृश्ये टिपली. प्रवाशांना वेळीच सावध केले ते मात्र उद्घोषक विष्णु झेंडे यांनी. आपल्या कक्षातून प्रकार पाहताच त्यांनी ध्वनिक्षेपकावरून बाहेर पडण्याच्या सूचना दिल्या आणि अनेकांचे प्राण वाचले. दृश्य नोंदविणे आणि ते पाहून कृती करणे यांतील अंतर त्या रात्री स्पष्ट झाले.

हे अंतर कमी करण्यासाठी कॅमेरे परस्परांशी जोडले जाऊ लागले. २०१६ मध्ये मुंबईत सुमारे दीड हजार ठिकाणचे जवळपास पाच हजार कॅमेरे पोलिसांच्या नियंत्रण कक्षाशी जोडले गेले. एकटा कॅमेरा आपल्यापुरताच परिसर पाहतो. अशा जाळ्यात मात्र एका चौकटीतून बाहेर पडलेली व्यक्ती कपड्यांचा रंग, शरीरयष्टी, दिशा आणि मध्ये गेलेला वेळ यांवरून पुढच्या चौकटीत ओळखण्याचा प्रयत्न संगणक करू शकतो. फलाटावर एखादी पिशवी ठरावीक काळ बेवारस राहिली, तर तो इशाराही देऊ शकतो.

तथापि इशारा म्हणजे अपराध नव्हे. समजा, एका स्थानकातून दिवसाला १ लाख प्रवासी जातात आणि त्यांतील १० जणांचा हेतू दुष्ट आहे. यंत्राने ते दहाही जण हेरले, पण दर शंभर निरपराधांमागे एकाच्या बाबतीत चूक केली, तरी जवळपास १,००० निरपराध माणसे संशयित ठरतील. म्हणून अंतिम निर्णय प्रशिक्षित आणि संयमी माणसाकडेच असला पाहिजे.

हाच विचार आपल्या वसाहतीलाही लागू पडतो. कॅमेरे बसविण्यापूर्वी चित्रण कोण पाहणार, किती दिवस जतन करणार आणि इशारा मिळाल्यावर कोणास कळविणार, हे सभेत ठरवावे. कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या दारात वा खिडकीत नसावा. उत्पादकाने दिलेला मूळ पासवर्ड त्वरित बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक संगणकप्रणालीने असेच मूळ पासवर्ड असलेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. आणि चित्रणात अनोळखी चेहरा दिसला, तर तो समूहसंदेशात ‘चोर’ म्हणून पसरविण्यापूर्वी रखवालदाराकडे चौकशी करावी. तो कोणाच्या तरी घरी आलेला पाहुणाही असू शकतो.