पश्चिमेची खिडकी

परंडा तालुक्यातले सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. सव्वाअठरा अंश अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे मेच्या मध्यावर इथे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. तेव्हापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेलाच राहतो. म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागत नाही. सारा मारा छतावर, सकाळी पूर्वेच्या भिंतीवर आणि दुपार कलली की पश्चिमेच्या भिंतीवर. त्यातही पश्चिमेची भिंत सर्वांत दुर्दैवी, कारण तिच्या वाट्याला ऊन येते तोवर हवा, जमीन, छत, सगळेच तापून बसलेले असते.

वळवाचा पाऊसही याच वेळेचा. दिवसभर तापलेली हवा वर चढते, तिसऱ्या प्रहरी ढग उभे राहतात, आणि चार ते सहाच्या दरम्यान आधी धुळीचा लोट, मग वावटळ, मग टपोरे थेंब, कधी गारा. ज्या खिडकीतून पाच वाजता डोळे दिपवणारे ऊन आत येत होते, त्याच खिडकीतून साडेपाचला धूळ, पाणी आणि पालापाचोळा आत येतो. म्हणून या मुलखातल्या खिडकीच्या आवरणाला दोन कामे एकदम करावी लागतात: ऊन अडवायचे आणि वादळही. नुसती सावली देणारी वस्तू वाऱ्यात फाटते. नुसते घट्ट बंद होणारे तावदान उन्हात घराची भट्टी करते. हा दुहेरी प्रश्न जुन्या घरांनी एका प्रकारे सोडवला होता. नव्या घरांनी तो पुन्हा उघडा केला आहे.

जुने घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेरच्या भिंतीला खिडक्या मोजक्या आणि लहान, त्यांना जाड फळ्यांच्या झडपा आणि आतून अडसर. उजेडाचे मुख्य दार छतात असे. माळवदाला ठेवलेल्या त्या भोकाला कोणी साणे म्हणते, कोणी सवणे. त्यातून उन्हाचा एकच खांब खोलीत उतरे, चुलीचा धूर वर जाई, आणि आभाळ भरून आले की घरातले कोणीतरी वर धावून त्यावर झाकण टाकी. ऊन नको तेव्हाही तेच झाकण. भिंत इतकी जाड की दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचायला रात्र होई. भिंतीतली खिडकीही त्या जाडीत खोल बसलेली, त्यामुळे तिला स्वतःची सावली आपोआप मिळे.

या घराची दुसरी बाजू ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसली. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात माणसे मेली ती याच जाड भिंती आणि याच मातीच्या छताखाली. सास्तूर धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, परंडा पश्चिम टोकाला, पण दगडमातीच्या घराविषयीची भीती सगळ्या जिल्ह्यात शिरली, आणि ती रास्तच होती. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यानंतर जो बांधू शकला त्याने विटा-सिमेंटचे बांधले. ज्याला स्लॅब परवडला नाही त्याने पत्रे टाकले. त्या बदलाला मी नावे ठेवणार नाही, त्याने जीव वाचतात. मात्र जाड भिंतीबरोबर तिची सावली गेली, आणि तिच्या जागी काय आणायचे याचा विचार कोणी केला नाही, हे बोलले पाहिजे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतल्या घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एवढ्याशा घरात पश्चिमेला एक खिडकी आली की संध्याकाळपर्यंत त्या घरात उन्हापासून लपायला दुसरा कोपरा उरत नाही.

खिडकीवर छज्जा असतो ना, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. चार फूट उंचीची पश्चिमेची खिडकी आणि तिच्यावर नेहमीचा दीड फुटी छज्जा. मेच्या मध्यावर सोनारीत दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३९ अंशांवर असतो. छज्ज्याची सावली खाली सव्वा फूट येते. पाचला सूर्य २५ अंशांवर उतरतो आणि सावली जेमतेम आठ इंच उरते. सहाला तो ११ अंशांवर असतो, तेव्हा छज्जा असून नसल्यासारखाच. छज्जा दक्षिणेच्या खिडकीवर शोभतो, हिवाळ्याच्या दुपारचे वरून येणारे ऊन तो बऱ्यापैकी अडवतो. पश्चिमेचे ऊन समोरून येते, त्याला समोरूनच अडवावे लागते.

त्यासाठी आपण आत पडदा लावतो. इथे फार मोठी गफलत होते. ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडले की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. काच उजेडाला वाट देते, तापलेल्या कापडाची उष्णता मात्र सहजी बाहेर सोडत नाही. मेच्या पाच वाजता पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊर्जा पडते. चार बाय चारच्या खिडकीच्या काचेतून त्यातली सातशे वॅटच्या घरात आत येते. लहान हीटर लावून बसावे तसे ते आहे. सावली काचेच्या बाहेर हवी. एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धे काम होते.

बाहेर सावली करण्याचे उपाय गावात आहेत. शेडनेटचा तुकडा, बांबूची चिक, वाळ्याचा ओला पडदा, गोणपाट, तुराट्यांची ताटी. यांतला वाळा कोरड्या उन्हाळ्यात अप्रतिम गारवा देतो. पण पहिल्या वावटळीला यांतले निम्मे उडून शेजारच्या रानात जाते. दुसरी अडचण कूलरची. धाराशिव-सोलापूरकडे उन्हाळाभर खिडकीत कूलर बसलेला असतो, उरलेली फट पुठ्ठ्याने किंवा थर्माकोलने बुजवलेली. वळीव आला की ती खिडकी बंदच होऊ शकत नाही. पहिल्या झोतालाच वीज जाते, पुठ्ठा आत पडतो, आणि अंधारात पाणी थेट अंथरुणावर. नव्या घरांतल्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांचीही हीच गत. त्यांची निम्मीच जागा उघडते, आणि तिरक्या पावसात खालची खाच भरून पाणी आतल्या बाजूला ओघळते.

या दोन्ही कामांना पुरे पडणारे यंत्र आपल्या डोळ्यांसमोर रोज आहे. एसटी स्टँडवरची कोणतीही पानाची टपरी पाहा. तिच्या पुढच्या फळीला वरच्या कडेला बिजागऱ्या असतात. सकाळी मालक ती फळी खालून उचलतो, काठीचा टेकू देतो, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर सावली होते. पाऊस आला की टेकू थोडा आत घेतो. रात्री टेकू काढला की फळी खाली येऊन दुकान बंद. सोनारीला चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते, तेव्हा ऊन तळपत असते आणि वळवाचाही भरवसा नसतो. त्या दिवसांत असल्या झडपेची किंमत ज्याचा माल उघड्यावर आहे त्याला पुरती कळते. मला राहून राहून वाटते, जी सोय आपण पानाच्या दुकानाला देतो ती झोपायच्या खोलीला का देत नाही?

वरून बिजागरी असलेली हीच झडप कॅरिबियन बेटांत आणि फ्लोरिडात घरांना शतकानुशतके लागत आली आहे. तिला तिथे बहामा झडप म्हणतात. आडव्या पट्ट्यांची, खालून बाहेर ढकललेली, रोज सावलीसाठी; चक्रीवादळ आले की भिंतीला चिकटवून आतून कडी. तिचे गणित आपल्या पाच वाजताच्या उन्हाला लावून पाहा. चार फुटांची झडप भिंतीपासून ३० अंश बाहेर धरली तर तिची खालची कड दोन फूट पुढे आणि वरच्या कडेपासून साडेतीन फूट खाली येते. पाचच्या उन्हात तिची सावली सव्वाचार फुटांपलीकडे जाते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली गेली. सहाला, जेव्हा छज्ज्याने हात टेकलेले असतात, तेव्हाही चार फुटांतले पावणेचार फूट सावलीत. खालून आणि बाजूंनी वारा येतो, अंगणातून परतलेला मऊ उजेड येतो, आणि साधा पाऊस पडत असला तरी झडप उघडीच ठेवता येते.

वादळाची बाजू याहून मोलाची आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. पत्रे उडतात ते वरून येणाऱ्या वाऱ्याने, अशी समजूत आहे. वाऱ्याचा वरून जाणारा झोत पत्र्याला वर ओढतो हे खरे, पण घराची खिडकी उघडी असेल तर आत शिरलेली हवा त्याच पत्र्याला खालून ढकलते. ताशी ७२ किलोमीटरचा झोत चौरस मीटरला सुमारे २५ किलोचा दाब देतो. दहा बाय दहाच्या खोलीवरच्या साध्या पत्र्यांचे वजन ४५ किलोच्या आसपास. बांधकामाच्या भारतीय मानकातले आकडे घेतले तर खिडक्या-दारे मिटलेल्या खोलीत आतून वर ढकलणारा जोर साधारण तेवढाच भरतो. चार बाय चारची एक खिडकी उघडी राहिली की तो ११५ किलोंवर जातो. दारही उघडे राहिले आणि उघडा भाग भिंतीच्या पाचव्या हिश्शाहून मोठा झाला, तर १६० किलो. बाहेरची ओढ यात धरलेलीच नाही. पत्र्यावर ठेवलेले दगड या हिशेबापुढे किती टिकणार, आणि उडाले तर कोणाच्या डोक्यावर पडणार? पत्रा राखायचा तर पक्क्या हुकांइतकीच पश्चिमेची खिडकी महत्त्वाची आहे.

अमेरिकेने हा धडा किल्लारीच्या वर्षभर आधी घेतला. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. काचा आणि गॅरेजची दारे फुटल्यावर वारा आत घुसून छपरे गेली, असे घरामागून घर आढळले. त्यानंतर तिथल्या मायामी-डेड परगण्याने नियम केला: झडपेवर सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने आपटायचा, आणि ती टिकली तरच ती वादळी झडप म्हणून विकायची. आपल्याकडे भूकंपाने भिंतीचा विचार करायला लावला. खिडकीचा विचार करायला लावणारे आपल्याकडेही होऊन गेले आहे: २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्याची गारपीट, आणि कोकणात ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ.

कोकणाला झडपेची सवय जुनीच. पावसाळ्याआधी पडवीला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे आणि पाऊस सरला की सोडायचे, ही तिथली वहिवाट. गोव्याच्या जुन्या घरांत काचेऐवजी अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन लाकडी चौकटीत बसवत. ऊन त्यातून चांदण्यासारखे होऊन येते. मुंबईत गिरगावच्या चाळी आणि खोताच्या वाडीतली घरे आडव्या पट्ट्यांच्या झिलमिलीची. पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या, मधल्या उभ्या काठीने एकदम फिरणाऱ्या, पाऊस बाहेर टाकून वारा आत घेणाऱ्या. सुतारकामाचा तो देखणा नमुना आहे. परंड्याकडच्या धुळीला मात्र झिलमिल पुरत नाही, फटींतून धूळ आत येतेच. इथे सलग झडपच बरी.

ती करायला काही नवे लागत नाही. तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचे दुकान असतेच. लोखंडी अँगलची चौकट, त्यावर पत्रा, वर तीन दणकट बिजागऱ्या, खाली दोन्ही बाजूंना टेकूचे गज. झडप खिडकीपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन बोटे मोठी हवी, म्हणजे मिटल्यावर पाणी कडेने शिरत नाही. पत्रा बाहेरून पांढरा रंगवायचा, आणि वरच्या बिजागरीपाशी थोडी फट सोडायची, नाहीतर झडपेखाली तापलेली हवा कोंडून खिडकीतूनच आत येते. त्या फटीवर पट्टीचा छोटा पदर दिला की पाऊस अडतो. बिजागऱ्या भिंतीच्या गिलाव्यात ठोकून भागत नाही, विटेत खोल बोल्ट घ्यावे लागतात: ताशी १४० किलोमीटरच्या वाऱ्यात चार बाय चारच्या झडपेवर दीडशे किलोच्या जवळपास भार येतो, आणि झडप उघडी राहिली तर तोच भार तिला उपटायला बघतो. भिंतीत वाळूच जास्त असेल तर आधी भिंत दुरुस्त करावी.

टेकू आतून काढता आला पाहिजे. ग्रिलमधून हात घालून किंवा दोरी ओढून घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही झडप मिटता आली, तरच ती वळवाच्या त्या दहा मिनिटांत मिटली जाईल. बाहेर जाऊन मिटायची झडप विजा चमकत असताना कोणी मिटत नाही, मिटूही नये. कूलर लावायचा असेल तर तो शेजारच्या उत्तरेच्या खिडकीत न्यावा. आणि कडीला कुलूप घालायचे नाही, कारण आग लागली किंवा जमीन हलली तर त्याच खिडकीतून बाहेर पडावे लागेल. त्यासाठी त्या एका खिडकीची ग्रिलही आतून उघडणारी करून घ्यावी, वेल्डरला ते काम तासाभराचे असते.