लोकप्रिय संगीताची पदवी

लोकप्रिय संगीताचा पदवी अभ्यासक्रम आखताना कला, तंत्र आणि व्यवहार यांची सांगड घालावी लागते. बोस्टनमध्ये लॉरेन्स बर्क यांनी १९४५ साली काढलेल्या संस्थेत सुरुवातीपासून जॅझसारखे चालू काळाचे संगीत शिकवले गेले. तेच आजचे बर्कली संगीत महाविद्यालय. लिव्हरपूल विद्यापीठाने १९८८ मध्ये लोकप्रिय संगीताच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या शिक्षणात लिखित स्वरलिपी केंद्रस्थानी असते. लोकप्रिय संगीतात मात्र विद्यार्थी ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून बेस गिटारची ओळ कानाने उचलतो, बँडमध्ये वाजवतो, स्टुडिओत प्रत्येक वाद्याचा आवाज कमीजास्त करून गाणे बांधतो. जोडीला गीतलेखन, कॉपीराइट, करार आणि सामाजिक इतिहास हवा. परीक्षेत समूहातील सहभागालाही गुण हवेत, कारण हे संगीत बहुधा एकत्र घडते.