वृक्षरूप हायड्रेंजिया

वृक्षरूप हायड्रेंजिया ही हायड्रेंजियाची स्वतंत्र जाती नव्हे. हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा या मुळात झुडूप असलेल्या वनस्पतीला छाटणी व आधार यांच्या साहाय्याने एका खोडाच्या लहान झाडाचा आकार दिला, म्हणजे तिला या नावाने ओळखले जाते. साधारण एक मीटर उंचीचे मोकळे खोड, त्यावर फांद्यांचा गोलसर घेर आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्या घेरावर उमलणारे शंकूच्या आकाराचे पांढरे किंवा हिरवट फुलोरे असे त्याचे रूप असते. युरोप व उत्तर अमेरिकेतील रोपवाटिकांत ही झाडे तयार अवस्थेत मिळतात, त्यामुळे तो जन्मजात वृक्षच आहे असा समज होतो. प्रत्यक्षात बुंध्यापासून अनेक फांद्या काढण्याची झुडपाची प्रवृत्ती कधीच नाहीशी होत नाही. ती दर वसंतात आवरावी लागते आणि दोन-तीन वर्षे दुर्लक्ष झाल्यास झाडाचे पुन्हा झुडूप होऊ लागते.

वनस्पती

हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा ही जपान, चीन व साखालिन बेट या प्रदेशांतील पानझडी वनस्पती आहे. निसर्गात ती सामान्यतः ३ ते ५ मीटर, अनुकूल ठिकाणी त्याहूनही उंच वाढते. पाने समोरासमोर किंवा एका पेऱ्यावर तीन-तीन अशी येतात. फुलोरा परिमंजरी प्रकारचा असून त्यात लहान जननक्षम फुले आणि मोठ्या पाकळ्यांसारखी दिसणारी निदले असलेली वंध्य फुले एकत्र असतात. बागेतील प्रकारांत वंध्य फुलांचे प्रमाण वाढविलेले असते. जपानीत या वनस्पतीला ‘नोरी-उत्सुगी’ म्हणतात. यातील ‘नोरी’ म्हणजे खळ. तिच्या आतील सालीचा चिकट द्रव हाताने बनविल्या जाणाऱ्या ‘वाशी’ कागदाच्या लगद्यात वापरला जात असे.

नागासाकीजवळील देजिमा येथील डच वखारीत वैद्य म्हणून राहिलेल्या फिलिप फ्रान्झ फोन झीबोल्ट यांनी १८२९ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. ‘ग्रँडिफ्लोरा’ हा भरगच्च फुलोऱ्यांचा प्रकार १८६० च्या दशकात त्यांच्यामार्फतच युरोपात पोहोचला. पुढे अमेरिकेत नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘पी-जी’ म्हणून घरोघरी माहीत झाला. तेथील जुन्या बागांत दिसणारे वृक्षरूप हायड्रेंजिया बहुधा याच प्रकाराचे असतात. बेल्जियममधील काल्मथाउट येथे येलेना व रॉबर्ट द बेल्डर यांनी निवडलेला ‘युनिक’ आणि नेदरलँड्समधील पीटर झ्वाइनेनबर्ग यांनी तयार केलेला ‘लाइमलाइट’ हे नंतरचे प्रसिद्ध प्रकार होत.

छाटणीची वेळ

येथे वसंत म्हणजे भारतातील चैत्र-वैशाख नव्हे. समशीतोष्ण प्रदेशांत कडाक्याची थंडी ओसरते, परंतु झाडावरील डोळे अद्याप फुटलेले नसतात, असा हा काळ असतो. उत्तर गोलार्धात तो स्थानपरत्वे फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत येतो.

या वेळी छाटणी करता येते, कारण हायड्रेंजिया पॅनिक्युलाटाला त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुले येतात. मार्चमध्ये काडी आखूड केली, तरी डोळ्यातून निघणारा फुटवा जुलै-ऑगस्टपर्यंत वाढून शेंड्याला फुलोरा धरतो. उलट, निळ्या-गुलाबी गोल गुच्छांसाठी प्रसिद्ध असलेल्या हायड्रेंजिया मॅक्रोफिला या जातीच्या बहुतेक प्रकारांत फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीस जुन्या काडीवरच तयार होतात. तिची वसंतात जोरदार छाटणी केली, की झाड हिरवेगार वाढते आणि त्या वर्षी फुलत मात्र नाही. ओकसारख्या पानांचा हायड्रेंजिया क्वेर्सिफोलियाही जुन्या काडीवरच फुलतो. हायड्रेंजिया आर्बोरेसेन्स नव्या फुटीवर फुलतो, पण त्याच्या काड्या बारीक व लवचिक असल्यामुळे त्याचे खोड उभे राहत नाही. त्यामुळे सेकेटर हातात घेण्यापूर्वी झाड कोणत्या जातीचे आहे, हे नक्की करणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

खोड घडविणे

एक-दोन वर्षांच्या स्वमूळ रोपापासून झाड घडविण्यास साधारण तीन ते चार वर्षे लागतात. पहिल्या वसंतात सर्वांत सरळ व जोमदार काडी निवडून बाकीच्या बुंध्यापाशी काढतात. एकही काडी सरळ नसल्यास सर्व काड्या जमिनीजवळ कापून नव्याने येणाऱ्या फुटव्यांतून एक निवडणे अधिक चांगले. त्यात वर्ष वाया गेल्यासारखे वाटते, परंतु वाकडे खोड पुढे सरळ होत नाही. निवडलेल्या काडीशेजारी मजबूत काठी रोवून ती मऊ पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन बांधतात.

या वनस्पतीत एक विशेष अडचण येते. मुख्य काडीच्या शेंड्याला फुलोरा आला, की तिची वर जाणारी वाढ तेथेच थांबते. म्हणून पुढच्या वसंतात वाळलेल्या फुलोऱ्याखालील पुष्ट डोळ्यांपर्यंत शेंडा कापावा लागतो. डोळे समोरासमोर असल्याने तेथून दोन, क्वचित तीन फुटवे सारख्याच जोराने निघतात. त्यांतील एक ठेवून बाकीचे कोवळे असतानाच बोटाने खुडले नाहीत, तर खोड त्या ठिकाणी दुभंगते. ठेवलेला फुटवा काठीला बांधून पुन्हा उभा वाढवितात. प्रत्येक टप्प्यावर खोडाला किंचित बाक येतो, पण खोड जाड होत गेल्यावर तो फारसा जाणवत नाही.

खोड गुळगुळीत दिसावे म्हणून खालची सर्व पाने व बगलफुटवे एकदम काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो आणि बहुतेक झाडे याच कारणाने बिघडतात. खोडालगतच्या पानांत तयार होणारे अन्न खोड जाड करण्यास उपयोगी पडते. ती काढली, की वर जड घेर आणि खाली छडीसारखे खोड अशी स्थिती होते. म्हणून बगलफुटवे पहिल्या वर्षी दोन-तीन पानांवर खुडून आखूड ठेवतात आणि खोड जाड होईल तसतसे खालून वर, दोन-तीन हंगामांत काढतात.

काडी इच्छित उंचीच्या, म्हणजे सामान्यतः ९० ते १२० सेंटिमीटरच्या, थोडी वर गेल्यावर तिचा शेंडा खुडतात. वरच्या डोळ्यांतून निघणाऱ्या चार ते सहा फुटव्यांपासून घेराचा सांगाडा तयार होतो. पुढील वसंतात हे फुटवे दोन-तीन डोळ्यांच्या जोड्या ठेवून कापले, की त्यांना फांद्या फुटून घेर दाट होतो. एकाऐवजी तीन खोडे ठेवूनही असे झाड करता येते. वादळी वाऱ्याच्या ठिकाणी ते जास्त टिकाऊ असते.

दरवर्षीची छाटणी

तयार झाडावर प्रथम मेलेल्या, मोडलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढतात. नंतर आदल्या वर्षीच्या काड्या आखूड करतात. काप डोळ्यांच्या जोडीच्या किंचित वर घेतात. खोडावर व बुंध्यापाशी निघालेले फुटवे मुळापासून काढून टाकावे लागतात आणि हे काम उन्हाळाभर चालू राहते.

काड्या किती आखूड कराव्यात, याविषयी बागकाम करणाऱ्यांत मतभेद आढळतो. जोरदार छाटणीने फुलोऱ्यांची संख्या कमी होते, पण प्रत्येक फुलोरा मोठा येतो; हलक्या छाटणीने लहान फुलोरे पुष्कळ येतात. झुडपासाठी पहिली पद्धत आकर्षक असली, तरी वृक्षरूपात ती अडचणीची ठरते. लांब, कोवळ्या फुटव्यावरील मोठा फुलोरा पावसाने भिजला, की फांदी खाली लोंबते किंवा मोडते. ‘ग्रँडिफ्लोरा’मध्ये हा दोष विशेष जाणवतो. म्हणून काडीचा सुमारे एक तृतीयांश ते अर्धा भाग काढणे हा मध्यम मार्ग वृक्षरूपास अधिक मानवतो. वाळलेले फुलोरे हिवाळ्यात शोभेसाठी झाडावर राहू देतात, मात्र जोरदार हिमवर्षावाच्या प्रदेशात त्यांवर बर्फ साचून फांद्या मोडू शकतात. तेथे ते शरद ऋतूतच काढणे बरे.

काही तयार झाडे उंच खोडावर कलम करून बनविलेली असतात. अशा झाडात कलमाच्या सांध्याखालून निघणारा फुटवा खुंटाचा असतो, त्यामुळे तो ताबडतोब काढावा लागतो. सांध्याखाली काप घेतल्यास वरचा प्रकार कायमचा जातो.

खत, पाणी व आच्छादन

वसंतात डोळे फुटू लागताना कुजलेले कंपोस्ट आणि सावकाश विरघळणारे संतुलित खत एकदा दिले, की पुरते. नत्र जास्त झाल्यास फुटवे लुसलुशीत वाढतात आणि फुलोऱ्याचा भार पेलत नाहीत. मुळे बरीचशी उथळ असल्यामुळे लाकडाचे तुकडे किंवा पालापाचोळा यांचे ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन उपयुक्त ठरते. ते खोडाला टेकू देऊ नये, कारण सतत ओलसर राहिलेली साल कुजते. पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि निदान अर्धा दिवस ऊन ही या झाडाची मुख्य गरज आहे.

माती आम्लधर्मी करून फुले निळी करण्याचा प्रयोग येथे निष्फळ होतो. ॲल्युमिनियममुळे होणारा तो रंगबदल हायड्रेंजिया मॅक्रोफिला व तिच्या निकटच्या जातींपुरता मर्यादित आहे. पॅनिक्युलाटाची फुले पांढरी किंवा हिरवट उमलतात आणि रात्री थंड होऊ लागल्या, की अनेक प्रकारांत वयानुसार गुलाबी होत जातात.

वसंतातील उशिराच्या हिमतुषाराने कोवळे फुटवे काळे पडले, तरी घाबरण्याचे कारण नसते. मागील डोळ्यांतून पुन्हा फूट येते व फुलेही येतात, फक्त थोडी उशिरा. सुप्तावस्थेत ही वनस्पती उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सहन करते. कुंडीतील झाडाची मुळे मात्र जमिनीतील मुळांइतकी सुरक्षित नसल्याने त्याला हिवाळ्यात आडोसा लागतो. आधाराच्या बांधण्या दर वसंतात सोडून सैल बांधाव्या लागतात. वाढत्या खोडात रुतलेली दोरी साल कापते आणि भरलेल्या घेराचे झाड एखाद्या वाऱ्यात तेथेच मोडते.

भारतात

भारतातील थंड हवेच्या ठिकाणी बागांमधून दिसणारा गोल गुच्छांचा हायड्रेंजिया बहुतेक वेळा मॅक्रोफिला असतो, त्यामुळे वर वर्णन केलेली वसंतातील छाटणी त्याला लागू पडत नाही; त्याचे जुने गुच्छ फुलोरा संपताच, खालच्या पुष्ट डोळ्यांना धक्का न लावता काढतात. पॅनिक्युलाटाला हिवाळी सुप्तावस्थेसाठी थंडी आवश्यक असल्याने मैदानी प्रदेशातील उष्ण हवामान त्याला मानवत नाही.